दादर-माटुंग्याच्या इमारती अंग चोरून का उभ्या नाहीत

दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीत राहणाऱ्या माणसाला पत्ता विचारला, तर तो इमारतीचे नाव आणि गल्लीचा क्रमांक सांगतो : पहिली गल्ली, तिसरी गल्ली, पाचवी गल्ली. तीच जागा विकायची वेळ आली की कागदपत्रांतून वेगळाच पत्ता बाहेर येतो. तिथे गल्ली नसते, ‘प्लॉट क्रमांक अमुक, दादर-माटुंगा इस्टेट’ अशी नोंद असते. आणि पुष्कळदा जमिनीची मालक म्हणून मुंबई महानगरपालिका उभी असते. इथे पहिल्यांदा घर घेणारा माणूस या ठिकाणी हमखास अडखळतो. ज्यांच्याकडून आपण जागा घेतो आहोत त्यांच्या आजोबांनी जमीन विकत घेतलीच नव्हती, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली होती, आणि त्या पट्ट्यासोबत काय बांधायचे व काय बांधायचे नाही याच्या अटीही आल्या होत्या, हे त्याला वकील समजावून सांगतो.

या वस्तीचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर सुरुवात त्या अटींपासूनच करायला हवी. दादर टी.टी. या मोठ्या चौकाचा गोंगाट ओलांडून आतल्या गल्लीत शिरले की सावली लागते, इमारतींच्या चारही बाजूंनी मोकळी जागा दिसते, तळमजल्याच्या स्वयंपाकघरातही दिवसा दिवा लावावा लागत नाही. याचे श्रेय बहुतेक जण ‘जुन्या लोकांच्या दृष्टी’ला देऊन मोकळे होतात. दृष्टी होती हे खरे. पण तिच्यामागे एक मोठी भीती होती, एक कायदा होता आणि भूमितीतला एक कोन होता.

भीती होती प्लेगची. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात एका रुग्णाला तपासताना मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा ब्युबॉनिक प्लेग असल्याचे निदान केले. (मेट्रो सिनेमासमोर ज्यांचा पुतळा आहे, तेच हे डॉक्टर.) घरात उंदीर पडू लागले की बिऱ्हाड हलवायचे, हा धडा मुंबईकर पुढच्या काही महिन्यांतच शिकले. लोक गावाकडे पळाले, गोद्या ओस पडल्या, गिरण्यांना माणसे मिळेनात. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २० हजार होती. ती वाढत जाण्याऐवजी १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. व्यापारावर पोट असलेल्या शहराच्या राज्यकर्त्यांना यापेक्षा मोठा इशारा लागत नाही. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला, ज्याचा आधार पुढे २०२० मध्ये कोरोनाच्या वेळीही घेतला गेला. आणि १८९८ मध्ये दुसरा एक कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापण्यात आली. सामान्य मुंबईकरासाठी ती बीआयटी.

ट्रस्टची कल्पना स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरावरून उचललेली होती. तिथे १८६६ मध्ये स्थापन झालेल्या अशाच एका संस्थेने जुनी दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढले होते. मुंबईत महापालिका असताना वेगळी संस्था कशाला, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. त्याचे उत्तर राजकीय होते : महापालिकेत घरमालकांचे वजन होते, आणि जी घरे पाडायची ती बऱ्याच अंशी त्यांचीच होती. म्हणून सरकार, बंदर, व्यापारी आणि महापालिका यांचे प्रतिनिधी असलेले स्वतंत्र मंडळ नेमले गेले, त्याला सक्तीने जमीन संपादन करण्याचा अधिकार मिळाला, सरकारच्या आणि महापालिकेच्या रिकाम्या जमिनी त्याच्याकडे सोपवल्या गेल्या आणि कर्जरोखे काढून पैसा उभा करण्याची मुभा दिली गेली.

या मंडळाने काय दुरुस्त करायचे होते, हे कळण्यासाठी एक शब्द पुरेसा आहे : घरगल्ली. मुंबईच्या जुन्या वस्तीत दोन इमारतींच्या पाठी एकमेकींकडे असत आणि त्यांच्यामध्ये तीन-चार फुटांची बोळ सोडलेली असे. दोन्ही बाजूंचे संडास, मोऱ्या आणि खरकटे पाणी त्या बोळीत उतरे. सफाई कामगाराने मैल्याच्या टोपल्या न्यायच्या त्या तिथूनच. मागच्या खोल्यांना खिडक्या असत, पण त्या उघडत या घरगल्लीवर, म्हणून त्या बंद ठेवलेल्याच बऱ्या असत. खोलीत हवा नाही, उजेड नाही, भिंतीला ओल आणि खाली उंदीर. प्लेगच्या पाहणी अधिकाऱ्यांना मध्यान्ही कंदील घेऊन अशा खोल्यांत जावे लागे.

इथे एक गंमत आहे, आणि ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ट्रस्टचे निदान चुकलेले होते. कोंदट हवा, ओल आणि अंधार यांतूनच रोग उपजतो, या जुन्या समजुतीचा पगडा अजून उतरला नव्हता. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये १८९४ मध्येच सापडला होता. तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो, असे पॉल-लुई सिमोंड या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये, म्हणजे ट्रस्टच्या कायद्याच्याच वर्षी मांडले होते. पण ते सर्वमान्य व्हायला आणखी जवळजवळ दहा वर्षे गेली. तोपर्यंत मुंबईत रोगावर उपाय म्हणून रस्ते रुंद करणे, हवा खेळवणे आणि उजेड आत आणणे चालूच राहिले. पिसवेला उजेडाची फारशी पर्वा नसते. माणसाला मात्र असते, क्षयरोग्याला तर विशेष असते. त्यामुळे चुकलेल्या निदानावर दिलेले औषध दुसऱ्या दुखण्यांना लागू पडले.

ट्रस्टने दोन हातांनी काम करायचे ठरवले. एका हाताने आतले दाट शहर फोडायचे आणि दुसऱ्या हाताने उत्तरेकडे नवे शहर पसरायचे. पहिल्या हाताने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते निघाले. दुसऱ्या हाताचे मोठे काम म्हणजे पाचव्या क्रमांकाची दादर-माटुंगा योजना आणि तिला लागून सहाव्या क्रमांकाची सायन-माटुंगा योजना. १८९९-१९०० मध्ये त्यांचे आराखडे झाले तेव्हा रेल्वेच्या पूर्वेचा हा सगळा पट्टा भाताची खाचरे, वाड्या, नारळीची झाडे आणि पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याचा होता. दादर-माटुंग्यात ६० हजार आणि सायन-माटुंग्यात तेवढीच माणसे राहतील, असा अंदाज बांधण्यात आला. इतक्या मोठ्या प्रमाणावर, आधी नकाशा आणि मग घर, या क्रमाने मुंबईत पूर्वी काही झाले नव्हते.

नकाशा झाला तरी वस्ती झाली नाही. जमिनीच्या मोबदल्यावरून कज्जे लागले, सखल जमिनीत भराव टाकावा लागला, गटारे आणि पाण्याच्या वाहिन्या न्याव्या लागल्या, आणि त्यात पहिले महायुद्ध आले. आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गासारखा रुंद रस्ता मध्यातून गेला, त्याला समांतर आणि काटकोनात आतले रस्ते आखले गेले, पुढे किंग्ज सर्कलपाशी चाकाच्या आऱ्यांसारखे रस्ते एका गोलाकार बागेकडे धावले. पण बरीच वर्षे हे रस्ते रिकाम्या प्लॉटांमधूनच जात होते. घरांची खरी गर्दी झाली ती १९२० आणि १९३० च्या दशकांत.

आता त्या कोनाकडे येऊ. ट्रस्टचे अध्यक्ष राहिलेले आयसीएस अधिकारी जे. पी. ऑर यांना घरातल्या उजेडाचा ध्यास होता. खोलीत पुरेसा उजेड येतो की नाही हे नजरेने न ठरवता मोजून ठरवायचे, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आणला. तो ऐकायला बोजड आहे, पण दोरी हातात घेतली की लहान मुलालाही समजेल. तळमजल्याच्या खोलीत बाहेरच्या भिंतीच्या पायथ्याशी दोरीचे एक टोक धरा. दुसरे टोक समोरच्या इमारतीच्या माथ्याला लावा. दोरी ताणली की तिचा जमिनीशी जो कोन होईल, तो ६३.५ अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. जास्त असेल तर समोरची इमारत आकाश झाकते आहे.

हाच आकडा का, याचे उत्तर शाळेतल्या त्रिकोणमितीत आहे. ६३.५ अंशांच्या कोनात उभी बाजू आडव्या बाजूच्या जवळजवळ बरोबर दुप्पट असते. म्हणजे नियमाचा साध्या मराठीत अर्थ असा, की समोरची इमारत जितकी उंच असेल त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे पाहिजे. चाळीस फूट उंचीच्या तीन मजली इमारतीसमोर वीस फूट. उंचीइतकेच अंतर सोडायचे म्हटले तर कोन ४५ अंशांवर येतो आणि उजेड आणखी चांगला मिळतो. पण मुंबईच्या जमिनीच्या भावात ती चैन कोणाला परवडणार होती? साडेत्रेसष्ट ही तडजोड होती. जुन्या वस्तीत चार फुटांच्या घरगल्लीपलीकडे पन्नास फुटांची भिंत असे; तिथे दोरी ताणली असती तर कोन ८५ अंशांच्या पुढे गेला असता. तिथला माणूस खिडकीतून मान बाहेर काढून वर पाही तेव्हा कुठे त्याला आकाशाची पट्टी दिसे.

हिंदू कॉलनीच्या एखाद्या जुन्या, अजून न पाडलेल्या इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत उभे राहून पाहावे. खाली फरशी, कडेला पाण्याची टाकी, एखादे शेवग्याचे किंवा पेरूचे झाड, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि मधल्या कुंपणाच्या भिंतीवर झोपलेले मांजर. त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना आपापल्या प्लॉटमधून सोडलेली जागा असते, आणि दोन्ही मिळून नियमातले अंतर भरते. म्हणजे माझ्या घरातला उजेड निम्मा माझ्या प्लॉटवर आणि निम्मा शेजाऱ्याच्या प्लॉटवर अवलंबून असतो. एकाने जागा खाल्ली की दोघांचाही उजेड जातो. ही गोष्ट पुढे पुनर्विकासाच्या वेळी लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवलेली बरी.

नियम कागदावर राहू नयेत म्हणून ट्रस्टने जमीन विकली नाही, पट्ट्याने दिली. प्लॉटचा ठरावीक हिस्साच बांधायचा, बाकीचा मोकळा ठेवायचा, साधारणपणे तळमजल्यावर दोन मजले चढवायचे, नकाशा मंजूर करून घ्यायचा. या अटी मोडल्या तर जमीनमालक या नात्याने ट्रस्टला दाद मागता येत असे. नुसत्या नगरपालिकेच्या नियमांपेक्षा ही पकड घट्ट होती, कारण इथे नियम करणारा आणि घरमालकाचा मालक एकच होता. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि या इस्टेटी महापालिकेकडे आल्या. महापालिकेच्या वैधानिक समित्यांपैकी एक असलेली सुधार समिती वारशाने याच ट्रस्टची आहे. बातम्यांतून तिचे नाव ऐकणाऱ्या फार थोड्यांना या ‘सुधार’चा प्लेगशी संबंध माहीत असेल.

इथे राहायला आले कोण, हा प्रश्न मात्र ट्रस्टला अडचणीचा आहे. घरे पाडली गेली ती मांडवी, नागपाडा आणि त्यांच्या आसपासच्या गरीब कामकऱ्यांची, आणि नवी जागा तयार झाली ती पाच मैलांवर. गोदीत पहाटे हजर व्हावे लागणाऱ्या हमालाला माटुंग्याचा प्लॉट काय कामाचा? त्याला तिथले भाडेही परवडणारे नव्हते आणि रोजचे जाणेयेणेही. ट्रस्टने काही ठिकाणी कामगारांसाठी स्वतःच्या चाळी बांधल्या, ज्यांना आजही बीआयटी चाळी म्हणतात. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या कमी पडतात, ही टीका त्याच्यावर अगदी सुरुवातीपासून होत राहिली. नव्या वसाहतीत आले ते कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर, बँकेतले आणि रेल्वेतले नोकरदार : महिन्याच्या एक तारखेला पगार हातात पडणारा आणि गिरगावातल्या दोन खोल्यांत दाटीने राहून कंटाळलेला वर्ग. आगगाडी आणि ट्राम यांनी त्याची सोय केली. ट्राम जिथे संपे ते ठिकाण म्हणजे दादर ट्राम टर्मिनस. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला येऊन थांबली, त्याला साठ वर्षे उलटली. तरी टॅक्सीवाल्याला ‘टी.टी.’ म्हटले की बाकी काही सांगावे लागत नाही.

या वर्गाने जी राहण्याची पद्धत घडवली तिला मुंबईच्या मराठीत एक नेमका शब्द मिळाला : ब्लॉक. आज आपण फ्लॅट म्हणतो त्याला दोन पिढ्यांपूर्वी सगळे ब्लॉक म्हणत, आणि ‘त्यांनी दादरला ब्लॉक घेतलाय’ या वाक्यात कुटुंबाची सगळी प्रगती मावत असे. चाळीतल्या खोलीत आणि ब्लॉकमध्ये फरक फक्त आकाराचा नव्हता. चाळीत संडास मजल्याच्या टोकाला, नळ सामायिक, आणि गॅलरी म्हणजे सगळ्यांचा रस्ता. ब्लॉकचे दार लावले की आतले सगळे आपले : दिवाणखाना, दोन खोल्या, ओटा असलेले स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि संडासही.

त्या शेवटच्या शब्दावर जरा थांबले पाहिजे. संडास घरात आणणे ही त्या काळच्या सवर्ण हिंदू कुटुंबाला सहज पचणारी गोष्ट नव्हती. सोवळ्याचे स्वयंपाकघर आणि शौचकूप एकाच छपराखाली, एकाच मजल्यावर, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना अमंगळ वाटे. जमिनीखालून मलवाहिनी आणि साखळी ओढली की पाणी सोडणारी टाकी आली, म्हणून ही गोष्ट शक्य तरी झाली. पण मनाची तडजोड बांधणीत दिसून येते. त्या काळच्या अनेक इमारतींत संडास घराच्या अगदी पाठीमागे, मागल्या गॅलरीच्या टोकाला ठेवलेला असतो, आणि तिथे पोचायला मागून एक वेगळा जिना, कित्येकदा लोखंडी गोल जिना असतो. तो होता सफाई कामगारासाठी. त्याने पुढच्या दाराने, घरातून यायचे नाही. घरगल्ली गेली, उजेड आला, वारा आला. पण घरगल्लीतली जात त्या गोल जिन्यावरून वर चढली. जुन्या इमारतींची वाखाणणी करताना हा जिना छायाचित्राच्या चौकटीबाहेर ठेवला जातो, तो ठेवू नये असे मला वाटते.

त्याच वसाहतीच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ आहे, हे या पार्श्वभूमीवर पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे राहिले, आणि तिथून ते १९३० च्या दशकात स्वतः बांधून घेतलेल्या या घरात आले. घराची आखणी करताना पुस्तकांच्या जागेचा विचार आधी झाला, आणि त्यांचा हजारो ग्रंथांचा संग्रह इथे राहिला. परळची ती चाळ ट्रस्टने बांधलेली आणि राजगृह ट्रस्टने आखलेल्या वसाहतीत. एकाच संस्थेने कामकऱ्यासाठी काय बांधले आणि पगारदारासाठी कोणत्या अटी घातल्या, हे समजून घ्यायला परळ ते दादर हे अंतर पायी कापले तरी पुरे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे लोक राजगृहापाशीही येतात, आणि एरवी शांत असणाऱ्या त्या गल्लीत दिवसभर रांग असते.

‘कॉलनी’ हा शब्दही इथे नीट पाहण्यासारखा आहे. ट्रस्टने मोठ्या रस्त्यांची चौकट आखली. आतली वस्ती मात्र माणसांनी आपापल्या ओळखीपाळखीने भरली. पारशी कॉलनी मंचेरजी एदलजी जोशी यांच्या चिकाटीतून उभी राहिली. (आडनावावरून फसू नये, हे जोशी पारशी होते.) ते स्वतः अभियंते. मध्यम आणि बेताच्या उत्पन्नाच्या पारशी कुटुंबांसाठी त्यांनी ट्रस्टकडून १०३ प्लॉट राखून घेतले. मुंबईतल्या इतर पारशी ‘बागां’ना, म्हणजे वसाहतींना, कुंपणाची भिंत आणि फाटक असते. दादरच्या कॉलनीला ते नाही. तिचे रस्ते सार्वजनिक आहेत, कोणीही सकाळी चालायला जावे, आणि तिच्या मध्याशी असलेल्या पाच बागांना, म्हणजे लोकांच्या ‘फाइव्ह गार्डन्स’ना, मंचेरजी जोशी यांचेच नाव आहे. भिंत नसूनही वस्ती एका समाजाची राहिली आणि बाग सगळ्या शहराची झाली, असा प्रकार मुंबईत दुसरीकडे मला आठवत नाही.

माटुंग्याकडे सरकत गेले की दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलते. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे तमिळ आणि इतर दक्षिणी कारकून मुंबईच्या कचेऱ्यांत आले, त्यांनी इथे बिऱ्हाडे केली. १९२३ मध्ये आस्तिक समाजाचे मंदिर आले, १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी. मागोमाग केळीची पाने, गजरे आणि ताजी दळलेली कॉफी विकणारी दुकाने आली, उडुपी खाणावळी आल्या. १९४२ मध्ये स्टेशनसमोर सुरू झालेल्या रामा नायक यांच्या खाणावळीत आजही केळीच्या पानावर जेवण मिळते. किंग्ज सर्कलच्या बाजूला कच्छी आणि गुजराती कुटुंबे आली. हिंदू कॉलनीत मराठी मध्यमवर्ग अधिक. एवढ्या लहान टापूत शिक्षणसंस्था जितक्या दाटल्या आहेत तितक्या शहरात इतरत्र क्वचितच असतील : व्हीजेटीआय भायखळ्याहून १९२३ मध्ये इथे आली, रुईया आणि खालसा ही दोन्ही महाविद्यालये १९३७ ची, पोदार १९४१ चे. रुईया काढणारी शिक्षण प्रसारक मंडळी पुण्याची. ती मुंबईत आली तेव्हा तिने गिरगाव नव्हे तर माटुंगा निवडले, यावरूनच मराठी मध्यमवर्गाचा मुक्काम कुठे हलला होता ते कळते.

मग हे सगळे ढासळू का लागले? त्याचे एक मोठे कारण म्हणजे १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा. युद्धकाळात भाडी भडकली होती, म्हणून ती १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवण्यात आली. हेतू भाडेकरूला वाचवण्याचा होता आणि तो साधलाही. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा पन्नास वर्षे टिकला, आणि भाडी जवळजवळ तिथेच राहिली. ज्या ब्लॉकचे महिन्याचे भाडे एका वडापावाच्या गाडीवर एका सकाळी खर्च होईल, त्याच्या गच्चीची गळती मालकाने कशाला दुरुस्त करावी? भाडेकरूही म्हणणार, मालमत्ता मालकाची, मी का खर्च करू? या दोघांमध्ये पिंपळाचे रोप भिंतीत मूळ धरून बसले. जुन्या इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला, शहर भागातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसला आणि ‘सेस बिल्डिंग’ हा शब्द मुंबईच्या बोलण्यात आला. उपकरातून दुरुस्ती होई, पण ती बहुधा टेकू लावण्याइतकीच.

त्यानंतरचा मार्ग म्हणजे इमारत पाडून नवी बांधणे. त्यासाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या कलमाने उपकरप्राप्त इमारतींना जादा चटई क्षेत्र दिले. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे बोलीतला एफएसआय, हे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम आहे ते सांगणारे माप आहे; जुने नियम या भाषेत मोजत नव्हते. समजा ६०० चौरस मीटरचा प्लॉट आहे आणि जुन्या पद्धतीने त्याच्या एक तृतीयांश भागावर, म्हणजे २०० चौरस मीटरवर, तळमजला आणि दोन मजले बांधले आहेत. एकूण बांधकाम ६०० चौरस मीटर, प्लॉटइतकेच. म्हणजे एफएसआय एक. आता ३३(७) खाली हा आकडा तीन किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो, कारण जुन्या रहिवाशांना जागा फुकट द्यायची आणि तो खर्च जास्तीचे मजले विकून भरून काढायचा, असे हे गणित आहे. तीन धरला तरी १,८०० चौरस मीटर झाले. तेवढे बांधकाम पूर्वीच्याच २०० चौरस मीटरच्या पायावर उभे करायचे तर नऊ मजले लागतात, त्याखाली गाड्यांचे मजले वेगळे. नऊ मजल्यांची नुसती सत्तावीस मीटर उंची धरली तरी ऑरसाहेबांच्या दोरीप्रमाणे समोर साडेतेरा मीटर मोकळे हवे. ते या प्लॉटांत नाही. म्हणून नियमांत बाजूच्या मोकळ्या जागेची सवलत द्यावी लागते, पाया पसरतो, झाडे जातात, आणि मघाशी सांगितलेला शेजाऱ्याचा निम्मा उजेड विकला जातो. तो विकणाऱ्यात शेजारी नसतो.

२०१२ मध्ये महापालिकेने शिवाजी पार्कसह शहरातल्या अनेक परिसरांची नावे वारसा यादीत सुचवली, तेव्हा सर्वांत मोठा विरोध तिथल्या रहिवाशांनीच केला, आणि त्यांना स्वार्थी म्हणून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणारी सत्तरीतली जोडपी उद्वाहनाशिवाय जिना चढतात, पावसाळ्यात छताखाली बादल्या लावतात, आणि बाहेरून आलेला अभ्यासक त्यांच्या जिन्याच्या कठड्यावरील नक्षीची छायाचित्रे घेऊन जातो. वारसा त्यांच्या गैरसोयीच्या खर्चाने जपायचा, आणि त्याबद्दल त्यांना मिळणार काहीच नाही, ही मागणी फार काळ चालणारी नव्हती. उलट बाजूही तितकीच खरी आहे. प्रत्येक सोसायटी आपापला निर्णय घेते तेव्हा तो तिच्यापुरता शहाणपणाचा असतो. पण या वसाहतीत उजेड हा सुट्या प्लॉटचा नव्हे, तर सगळ्या इस्टेटीचा मिळून ठेवलेला होता, आणि असा सामायिक ठेवा मोजणारे माप आजच्या नियमावलीत नाही.

हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांत आता दर काही पावलांवर पत्र्याचे कुंपण दिसते. त्यावर नव्या मनोऱ्याचे चित्र असते, चित्रात भरपूर आकाश आणि आजूबाजूला एकही इमारत नसते. आतल्या कोपऱ्यात मंजुरीची माहिती देणारा फलक लावलेला असतो. तो सहसा कोणी वाचत नाही, कारण अक्षरे बारीक असतात आणि समोर डंपर उभा असतो. वाचला तर इमारतीचे नवे नाव, मजल्यांची संख्या, वास्तुविशारदाचे नाव, आणि त्याखाली जुनाच पत्ता सापडतो : प्लॉट क्रमांक अमुक, दादर-माटुंगा इस्टेट.